जुन्या चुलींची राख

या व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "राखेवर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त होता. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तहनामे, बखरी आणि ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. राख ही भांडी घासण्याची वस्तू; आणि मुलुंडसारख्या गावात घरोघर गॅस आल्यापासून तीही दुर्मिळ झाली. तथापि मुलुंडच्या पश्चिमेस जो डोंगर दिसतो त्याच्या पलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत, त्यांनी दिलेल्या गुहा, पाण्याच्या पोढी आणि शेते यांची नोंद आहे. दान कोणी दिले हे आपणांस दोन हजार वर्षांनंतर नावानिशी सांगता येते. त्या दानावर भिक्षूंच्या पात्रात काय पडत होते, हे मात्र शिलालेख सांगत नाहीत. आणि ज्या लोकांना लिहिताच येत नव्हते, त्यांच्याविषयी तर दगड आणि पत्रा दोन्ही मुके. महाराष्ट्रातील पहिले शेतकरी असे होते. त्यांच्याविषयी जे थोडेफार निश्चित सांगता येते, त्यातील मोठा वाटा त्यांच्या चुलींतून आलेला आहे.

प्रथम एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धान्य जे खाल्ले गेले ते संपले. जे कणगीत पडून राहिले ते किडीने, उंदरांनी आणि बुरशीने संपविले. जे पुरते जळाले त्याची राख झाली. मग उरले काय? उरले ते अर्धवट जळालेले. हुलगे भाजताना चार दाणे मडक्याबाहेर उडाले, निखाऱ्यांखाली राखेत दबले, तेथे उष्णता पोहोचली पण वारा पोहोचला नाही. त्या दाण्यांचा कोळसा झाला. कोळसा कीड खात नाही, बुरशी त्याला शिवत नाही. तीन हजार पावसाळे त्यावरून गेले तरी तो आपला आकार सोडीत नाही. म्हणजे त्या घरातील बाईच्या हातून जे सांडले, करपले, वाया गेले, तेवढेच आपल्यापर्यंत आले आहे. तिने नीट शिजवून मुलाबाळांस वाढले त्यातील एक शीतही आपल्या हाती नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे. पण येथे शीतही करपलेले.

करपलेला दाणा ओळखायचा कसा, हे शास्त्र आता पुष्कळ पुढे गेले आहे. जळताना दाणा फुगतो, आखूड आणि लठ्ठ होतो, कोंब गळून पडतो. तरी गव्हाची पाठ कुबडासारखी उंच राहते, सातूचा दाणा दोन्ही टोकांस निमुळता राहतो, तांदळावर उभ्या कंगोऱ्यांच्या खुणा दिसतात. मसूर भिंगाच्या आकाराची, हुलगा चपटा आणि मूत्रपिंडासारखा वाकलेला. मूग आणि उडीद यांची गल्लत होते. तेथे दाण्याच्या डोळ्याची ठेवण आणि आतील कोंबाची लांबी पाहावी लागते. अभ्यासक काय करतो, तर आजच्या शेतातील धान्य आणून मुद्दाम भट्टीत करपवितो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जुना दाणा आणि नवा दाणा शेजारी ठेवून पाहतो. काम डोळे शिणविणारे आहे. पोत्यांनी माती तपासावी तेव्हा चिमूटभर दाणे पदरात पडतात.

पण ते दाणे मातीतून काढावे कसे? पूर्वीचे उत्खनक दाण्यांचा मोठा काळा थरच लागला तर ते उचलीत. एरवी चुलीतील राखाडी माती टोपल्यांतून ढिगाऱ्यावर जाई. या संबंधात इराणच्या नैर्ऋत्येकडील अली कोश या टेकाडाची हकीगत सांगण्यासारखी आहे. तेथे १९६१ साली फ्रँक होल आणि केंट फ्लॅनरी या अमेरिकन संशोधकांनी खोदकाम केले आणि वनस्पतींचे अवशेष येथे फारसे नाहीत असे प्राथमिक अहवालात खुशाल लिहून टाकले. १९६३ साली ते परत आले तेव्हा त्यांनी एक साधी युक्ती बरोबर आणली होती. माती पाण्यात सोडायची आणि ढवळायची. माती तळाशी बसते, कोळसा हलका म्हणून वर तरंगतो; तो बारीक चाळणीवर घ्यायचा आणि सावलीत वाळवायचा, कारण उन्हात तो तडकतो. ज्या टेकाडात काही नाही म्हणून लिहिले होते तेथून चाळीस हजारांहून अधिक बिया निघाल्या. पुढे १९६९ च्या ग्रंथात त्यांनी आपली चूक मोकळेपणे कबूल केली: टेकाड बियांनी भरलेले होते, उणी होती ती आपली शोधण्याची ताकद. एवढी कबुली छापून देणारे विद्वान आम्हांस कोणत्याही देशात विरळा वाटतात.

ही गोष्ट मनात ठेवून आपल्याकडे वळू. प्रवरेच्या काठी संगमनेर तालुक्यात जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या, आणि तांबड्या रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, वाजवून पाहिली तर खणखणणारी खापरे मिळाली. त्या खापरांवरून महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीस जोर्वे संस्कृती हे नाव पडले. त्यापाठोपाठ १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचे उत्खनन झाले. ज्ञानेश्वरीमुळे ते गाव मराठी माणसाला ठाऊक होतेच. आता त्याच्या पोटातील आणखी अडीच हजार वर्षे वर आली.

नेवाशाची एक वस्तू मुंबईकरांनी विसरू नये. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि मण्यांच्या भोकांत ओवलेल्या दोऱ्याचा अंश शिल्लक होता. येथे राखेचे काम तांब्याने केले होते. तांब्याचा गंज जंतूंना मारक असतो. तो दोरा तपासला कोठे, तर आपल्या माटुंग्यास, कापूस तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत. तेथील ए. एन. गुलाटी यांनी त्यात कापूस आणि रेशीम असल्याचे नोंदविले. पुणे जिल्ह्यातील चांडोलीच्या मण्यांतील दोरा जवसाच्या वाखाचा निघाला. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्यास चिकटलेले कापड सापडले होते, ते कापसाचे होय असा निर्वाळाही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलाटी आणि टर्नर यांनीच दिला होता. माटुंग्याहून रोज लोकलने जाणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल!

धान्याकडे पद्धतशीर लक्ष गेले ते नर्मदाकाठच्या नावडातोलीपासून. महेश्वरच्या समोरच्या तीरावरील या गावाचे उत्खनन पुण्याबडोद्याच्या विद्वानांनी १९५० नंतरच्या दशकात केले. तेथील करपलेले धान्य लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पती संस्थेतील डॉ. विष्णु मित्रे यांच्याकडे गेले. त्यांना गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, लाख आणि जवस इतके ओळखता आले; शिवाय बोर आणि आवळा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याचा हा बाजार कोणत्याही किराणा दुकानास शोभेल. साहनींनी ती संस्था १९४६ साली स्थापन केली आणि १९४९ साली इमारतीची कोनशिला बसल्यानंतर आठवड्याभरात ते गेले. त्यांच्या पाठीमागे संस्थेने जे काम केले त्यात ही कोळशाची पारख येते.

आता आमच्या मुख्य विषयाकडे, म्हणजे इनामगावकडे. पुण्याच्या पूर्वेस शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तेथे खोदकाम चालले. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी ते केले. एका खेड्यासाठी इतकी वर्षे का घालविली, असा प्रश्न त्या वेळीही विचारला जाई. पूर्वी खोल उभे चर घेऊन कोणता थर कोणावर आहे एवढे पाहत. इनामगावास माती आडवी उलगडून सबंध वस्ती पाहावयाची होती: घरे, अंगणे, बोळ, पेवे, चुली. शंभराहून अधिक घरे उघडी झाली. वस्तीचे तीन काळ ठरले. पहिला माळवा काळ, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १४००. नंतर पूर्व-जोर्वे, १००० पर्यंत. मग उत्तर-जोर्वे, सुमारे ७०० पर्यंत. नऊशे वर्षे एकाच ठिकाणी चुली पेटत राहिल्या. शिवरायांच्या जन्मापासून आजपर्यंत चारशे वर्षेही भरलेली नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल.

पूर्व-जोर्वे काळातील घरे चौकोनी आणि ऐसपैस. कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या. घरात विस्तवासाठी खळगा, कोठे मातीची चूल. अंगणात आणखी एक मोठा खळगा. धान्य साठविण्याच्या सोयी आपल्या आजीला चटकन ओळखू आल्या असत्या. जमिनीत खणलेली पेवे होती. कणगी ठेवण्यासाठी मातीचे वाटोळे ओटे होते. चार पायांच्या रांजणाखाली ठेवलेले चार सपाट दगड जागच्या जागी सापडले. "पेव फुटणे" हा वाक्प्रचार आपण वापरतो. पण पेव पाहिलेले आता किती उरले, कोण जाणे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार. उत्खनकांनी ते गावच्या प्रमुखाचे मानले. कोठार प्रमुखाच्या दाराशी असणे यावरून धान्य गोळा होत होते आणि ते कोणाच्या तरी ताब्यात होते, असा तर्क त्यांनी केला. तो आम्हांस पटतो. नदीकडून पाणी वळविण्यासाठी काढलेला कालवाही सापडला आहे.

या गावाच्या राखेचा आणि मातीचा अभ्यास डेक्कन कॉलेजातील मुकुंद काजळे यांनी केला. काजळीतून इतिहास काढणाऱ्या माणसाचे आडनाव काजळे असावे, हा योगायोग आम्ही येथे नुसता नमूद करतो. त्यांच्या पाहणीतून काय आले? येथले मुख्य धान्य सातू होते. त्याच्या जोडीस गहू, मसूर, हुलगा, लाख, वाटाणा. तांदूळ मिळाला, पण तुरळक. बोरांच्या बियाही मिळाल्या.

सातू! आजच्या मराठी घरात सातू कोठे आहे? जव या नावाने तो पूजेच्या साहित्यात उरला आहे आणि श्राद्धाच्या यादीत असतो. एरवी आजाऱ्यास सातूचे पाणी द्यावे, एवढीच त्याची आठवण. तरी भाषेने एक खूण जपली आहे. मराठीत सातू हे त्या धान्याचेही नाव आहे आणि भाजून दळलेल्या पिठाचेही; संस्कृतातील सक्तु तो हाच. आपण आज सातूचे पीठ करतो ते बहुधा गव्हाचे आणि डाळ्यांचे असते, त्यात सातू औषधालाही नसतो. नाव राहिले, धान्य गेले. फिरते जाते इनामगावच्या काळी नव्हते. ते पुढे कित्येक शतकांनी आले. या बायका पसरट दगडी पाट्यावर हातातील दगड मागेपुढे ढकलून धान्य भरडीत. भरड करण्यापूर्वी दाणा भाजून घेतला तर तो ठिसूळ होतो. या भाजण्यातच दाणे उडतात आणि राखेत पडतात. सातू आपल्या हाती इतका का लागला, याचे एक कारण तेही असू शकेल.

इनामगाव ज्या मुलखात आहे, त्या शिरूर-दौंडकडच्या माणसाला हे सारे ऐकून नवल वाटेल. त्याची पिढीजात समजूत अशी की ज्वारी-बाजरीची भाकरी ही या मातीतलीच. काळी जमीन आणि भाकरी एकदमच निर्माण झाली. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्ये आफ्रिकेतील. पूर्व सुदानात कसाला शहराजवळ सापडलेल्या खापरांत भुशाचे ठसे होते; मडकी घडविताना मातीत भुसा मिसळीत, तो भाजताना जळून गेला आणि जागा रिकामी राहिली. त्या पोकळ ठशांवरून पाच हजार वर्षांपूर्वी तेथे ज्वारी लागवडीखाली आली होती असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. बाजरीचा असाच पुरावा पश्चिम आफ्रिकेतील माली देशातून, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. तेथून ही पिके समुद्रमार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली असावीत.

महाराष्ट्रात ती केव्हा स्थिरावली? येथे आम्हांस सावधपणे बोलले पाहिजे. एका काळी ठिकठिकाणच्या अहवालांत ज्वारी, बाजरी आणि नाचणी सापडल्याच्या नोंदी झाल्या. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डोरियन फुलर यांनी २००३ साली या नोंदींची फेरतपासणी केली आणि त्यांतील पुष्कळ संशयास्पद ठरविल्या. आपल्याकडची राळा-वरीच्या कुळातील बारीक धान्ये सोलून करपली म्हणजे नाचणीसारखी दिसतात. त्याचबरोबर फुलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दक्षिणेतील नवाश्मयुगीन वस्त्यांवरून असे दाखविले की कुळीथ, मूग आणि दोन जातींची बारीक तृणधान्ये तेथील लोक फार पूर्वीपासून पिकवीत होते, ती कोणाकडून आणलेली नव्हती. म्हणजे इनामगावच्या मडक्यात सातू, गहू आणि मसूर पश्चिम आशियाकडून फिरत फिरत आलेले, हुलगा घरचा, तांदूळ पूर्वेकडचा. भाकरी मागाहून आली. आणि तिच्यासोबत आपण जी हिरवी मिरची खातो ती तर पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली. आमच्या एका शेतकरी मित्रास हे सांगितले तेव्हा त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग आमचं असं काय राहिलं? हुलगाच ना?" त्यांच्या स्वरात खंत होती. आमचे उत्तर असे की तीन हजार वर्षांत ज्या धान्याने अवर्षणात माणूस जगविला ते त्या माणसाचे झाले. पण ते मुळापासून येथलेच होते असे मात्र म्हणता येणार नाही. मित्राचे समाधान झाले नाही.

एवढ्यात एखादा चाणाक्ष श्रोता विचारील की चुलीत सापडलेला दाणा माणसाच्या जेवणातलाच कशावरून? शंका बिनतोड आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती उशिराच सुचली. चुलीत लाकूड जळते तशी गोवरीही जळते. बैलाने कडबा खाल्ला, गवताचे बी खाल्ले. ते शेणात आले, शेणाची गोवरी थापली, गोवरी चुलीत गेली. आता राखेत जे बी सापडेल ते माणसाचे जेवण नव्हे, बैलाचे. नाओमी मिलर यांनी १९८० नंतर इराणमधील अवशेषांच्या संदर्भात ही गोष्ट पुढे मांडली, तेव्हा पुष्कळांना आपले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. आमच्या आईला ही गोष्ट विचारली असती तर तिने हसून लगेच सांगितले असते. पण आईला कोण विचारतो?

दुसरी गोष्टही घरातलीच. धान्य खळ्यावरून घरी येते ते मळून, उफणून. मग सुपात पाखडायचे, नंतर निवडायचे. निवडताना निघालेले तणाचे बी, फोलपटे, कोंडा हे सारे चुलीत भिरकावले जाते. म्हणून चुलीच्या राखेत धान्यापेक्षा धान्यातला कचराच अनेकदा अधिक असतो. तुर्कस्तानात गॉर्डन हिलमन आणि ग्रीसमध्ये ग्लिनिस जोन्स यांनी हाताने शेती करणाऱ्या खेड्यांत बसून प्रत्येक पायरीला काय उरते, काय फेकले जाते, याचे तक्ते केले. त्यावरून राखेचा नमुना पाहून हे धान्य खळ्याजवळचे की स्वयंपाकघरातले, हे सांगता येऊ लागले. तण तर फार बोलके असते: ओलिताचे तण निराळे, कोरडवाहूचे निराळे, खरिपाचे वेगळे, रब्बीचे वेगळे. आणि जे चुलीत कधीच करपत नाही त्याचे काय? पालेभाज्या, कंद, दूध, मध यांचा दाणा नसतो. इनामगावच्या बाईने माठाची भाजी केली असेल, रानातले कंद उकडले असतील. राखेला त्याचा पत्ता नाही. अहवालात सातूचा दाणा आला आणि भाजी आली नाही, एवढ्यावरून ते लोक भाजी खात नव्हते असे कोणी लिहिले तर त्यास अली कोशची गोष्ट सांगावी.

इनामगावच्या चुलींचा शेवटचा काळ मनाला चटका लावणारा आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गावाचे रूप पालटले. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान वाटोळ्या झोपड्या आल्या. खापरे ओबडधोबड झाली. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की पाऊस कमी झाला, शेती ढासळली, आणि लोक गुरे-मेंढ्या घेऊन वर्षाचा काही भाग भटकू लागले. नगर-सोलापूरकडचे दुष्काळ ज्याने पाहिले आहेत त्याला हा अर्थ पटकन पटतो. बोरे आणि लाख यांच्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. बोराचे झाड पाऊस नसला तरी फळते. लाखेचे पीक कोरड्यातही तग धरते. पण तिची डाळ महिनोन्महिने तेवढीच खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे विदर्भाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे.

तरी हा प्रश्न मिटलेला नाही. इनामगावास घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची पुष्कळ दफने मिळाली. दोन घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यांत बालक, अशी ती रीत. अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या बालकांच्या हाडांचा अभ्यास २०११ साली ग्रंथरूपाने मांडला. शेवटच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्यांस आढळले. म्हणजे उपासमार खरी. परंतु आभाळ एकाएकी फिरले, या एकाच कारणावर सारा भार टाकण्यास त्या तयार नाहीत. त्या कोरड्या मुलखात शेती ज्या रीतीने चालली होती तिच्याकडेही त्या बोट दाखवितात. आम्हांस यात निवाडा देण्याचा अधिकार नाही. एवढे मात्र वाटते की मुलांची हाडे आणि चुलीतले दाणे हे एकाच घरातले दोन साक्षीदार आहेत. एकाला सोडून दुसऱ्याचीच जबानी घेऊ नये.

आता काळाविषयी. वर जे सन आम्ही बिनदिक्कत सांगितले ते कोठून आले? तेही चुलीतूनच. १९४९ साली शिकागोच्या विलर्ड लिबी यांनी कोळशातील किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यासाठी १९६० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हे काम प्रथम सुरू झाले ते मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. डी. पी. अगरवाल आणि शीला कुसुमगर यांनी तेथे नेवासे, चांडोली, इनामगाव येथील कोळसा मोजला. त्या वेळच्या अहवालांत प्रत्येक तारखेमागे "टीएफ" अशी अक्षरे असतात, ती या संस्थेची. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडे गेले.

या रीतीत एक अडचण होती. मोजणीला कोळसा मूठभर लागे, म्हणून लाकडाचा कोळसा घ्यावा लागे. आता लाकूड जर जुन्या खोडाच्या गाभ्यातले असेल, किंवा पडक्या घराचे वासे काढून चुलीत घातलेले असतील, तर कोळशाचे वय चुलीच्या वयाहून शे-दोनशे वर्षांनी अधिक निघते. दाण्याचे तसे नाही. तो त्याच हंगामात पिकलेला असतो. १९७७ नंतर त्वरकयंत्राच्या साहाय्याने कार्बनचे अणू थेट मोजण्याची रीत निघाली आणि एकुलता एक दाणाही पुरेसा होऊ लागला. फुलर यांनी ज्या नोंदींविषयी शंका घेतल्या त्यांचा निकाल पुष्कळसा याच वाटेने लागतो. खालच्या थरात सापडलेला बाजरीचा दाणा खरोखर तितका जुना आहे की उंदराच्या बिळातून वरून खाली घसरला, हे दाण्यासच विचारता येते.

परंतु विचारण्याची किंमत त्या दाण्यास द्यावी लागते. वय काढायचे तर तो आम्लाने धुऊन, नळीत घालून, पुरता जाळावा लागतो; त्याचा वायू होतो, वायूपासून चिमूटभर काळी पूड, आणि तीच यंत्रात जाते. म्हणून आधी त्या दाण्याची लांबी, रुंदी, जाडी मोजतात, सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात, चित्र काढून ठेवतात. मग ज्या दिवशी तो दुसऱ्यांदा विस्तवात जातो त्या दिवशी प्रयोगशाळेच्या वहीत त्याच्या नावापुढे क्रमांक पडतो, आणि ज्या लहानशा डबीत तो होता ती रिकामी होते.